बाटलेले रक्त : रोझेनबर्ग बंधूंच्या लेखनाविषयी

अमेरिकेच्या राज्यघटनेत देशद्रोहाविषयी एक छोटे कलम आहे. देशद्रोहाची शिक्षा झाली म्हणून अपराध्याचे रक्त बाटले असे धरले जाणार नाही, असा त्याचा आशय आहे. जुन्या इंग्रजी कायद्यात देशद्रोह्याला ठार मारून भागत नसे. त्याचे रक्तच दूषित झाले असे मानून मुलाबाळांचा वारसाहक्कही काढून घेतला जाई. १७८७ साली घटना लिहिणाऱ्यांनी हे नाकारले. बापाचा गुन्हा बापाबरोबर संपतो, मुलगा जन्माने अपराधी नसतो, हे त्यांनी लिहून ठेवले. (गुलामगिरीला हात न लावता त्यांनी हे लिहिले, हेही लक्षात ठेवले पाहिजे.) 'बाटणे' हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. या नियतकालिकाच्या वाचकाला त्याचा अर्थ शब्दकोशात पाहावा लागणार नाही.

कलम कागदावर असते. १९ जून १९५३ रोजी न्यूयॉर्क राज्यातील सिंग सिंग तुरुंगात ज्यूलियस आणि एथेल रोझेनबर्ग या नवराबायकोला विजेच्या खुर्चीवर मारण्यात आले, तेव्हा त्यांचा थोरला मुलगा मायकेल दहा वर्षांचा आणि धाकटा रॉबर्ट सहा वर्षांचा होता. या दोन मुलांच्या रक्ताचे पुढे समाजाने काय केले आणि मोठे झाल्यावर त्यांनी त्याविषयी काय लिहिले, हा या लेखाचा विषय आहे. रोझेनबर्ग दांपत्य आपल्याकडे माहीत असते ते शीतयुद्धाचे बळी म्हणून. मुलांचा उल्लेख आलाच तर तो हळहळीपुरता येतो. मला या हळहळीचा कंटाळा आहे. ती मुलांना कायम मुलेच ठेवते. मायकेल अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला, रॉबर्टने कायद्याची पदवी घेतली, दोघांनी पुस्तके लिहिली, सरकारवर खटला भरला. त्यांना वाचायचे तर लेखक म्हणून, आपला विचार मांडणारी माणसे म्हणून वाचले पाहिजे.

आधी घडले ते थोडक्यात सांगतो. १७ जुलै १९५० रोजी ज्यूलियसला घरातून नेले तेव्हा सात वर्षांचा मायकेल रेडिओवर 'लोन रेंजर' ऐकत होता. ११ ऑगस्टला एथेल ग्रँड ज्यूरीपुढे हजर राहून बाहेर पडली आणि तेथेच पकडली गेली. ती घरी परतलीच नाही. मुले आईच्या आईकडे गेली. परंतु या आजीचाच मुलगा, एथेलचा सख्खा भाऊ डेव्हिड ग्रीनग्लास, सरकारचा मुख्य साक्षीदार होता. या घरात मुलांना जागा उरली नाही. त्यांना ब्रॉन्क्समधल्या बालकाश्रमात टाकण्यात आले. नात्यातली माणसे होती, पण या मुलांना घरात घेण्याची भीती त्यांना होती. पुढे बापाच्या आईने त्यांना नेले. तिचेही वय झालेले. मग न्यू जर्सीतल्या टॉम्स रिव्हर गावी आईबापांच्या मित्रांचे एक घर मिळाले. आईबापांना मृत्युकोठडीत भेटण्याची पहिली संधी आली ती अटकेनंतर वर्षभराने, १९५१ च्या ऑगस्टात.

टॉम्स रिव्हरची हकिगत मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आईबाप मारले गेल्यावर तेथील शाळेने या मुलांना काढून टाकले. कारण काय दाखवले? मुले या गावची कायदेशीर रहिवासी नाहीत. हेराची मुले आहेत म्हणून काढतो, असे कोणी कागदावर लिहिले नाही. घटनेतले ते कलम कोणी मोडले नाही. दाखला, रहिवास, नियम यांच्या भाषेत काम भागले. ज्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी आपल्या शाळा-कॉलेजांत आणि वसतिगृहांत हीच भाषा ऐकली आहे, त्यांना ती ओळखू येईल. मुलाला बाहेर ठेवण्यासाठी द्वेषाचा उच्चारही करावा लागत नाही.

पुढच्या वर्षी, १९५४ च्या आरंभी, मुले एबेल आणि ॲन मिरोपोल या जोडप्याच्या घरी राहू लागली होती. तेथे पोलीस आले आणि मुलांना उचलून घेऊन गेले. तक्रार अशी की, या मुलांचा राजकारणासाठी गैरफायदा घेतला जातो आहे. म्हणजे आईबापांना राजकारणासाठी मारणारे शासन आता मुलांना राजकारणापासून वाचवायला निघाले! कोर्टकचेऱ्या होऊन अखेर १९५७ साली मिरोपोल कुटुंबाने त्यांना रीतसर दत्तक घेतले.

खटल्याविषयी चार गोष्टी सांगणे आवश्यक आहे, कारण मुलांच्या लेखनाचा प्रश्न त्यांवरच उभा आहे. आरोप देशद्रोहाचा नव्हताच. देशद्रोह सिद्ध करायला एकाच कृत्याचे दोन साक्षीदार लागतात. येथे आरोप होता १९१७ च्या कायद्याखाली हेरगिरीच्या कटाचा. त्यातही ज्या रशियासाठी हेरगिरी केली म्हणतात, तो कटाच्या काळात, १९४४-४५ साली, अमेरिकेचा दोस्त होता. ५ एप्रिल १९५१ रोजी शिक्षा सुनावताना न्यायमूर्ती कॉफमन यांनी कोरियातल्या युद्धाचे आणि तेथे पडलेल्या माणसांचे पाप या दोघांच्या माथी मारले. आणखी एक गोष्ट ते बोलले. या दोघांना आपल्या मुलांपेक्षा आपले ध्येय अधिक प्रिय होते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. मुले अशी निकालपत्रात शिरली, आणि तीही आईबापांविरुद्धचा पुरावा म्हणून. नंतरही तोंड उघडा, जीव वाचेल, असा निरोप तुरुंगखात्याच्या प्रमुखामार्फत पोचवण्यात आला. मुलांवर प्रेम असेल तर बोला, असा त्याचा अर्थ. म्हणजे आईबाप मेले तर मुले पोरकी करण्याचा दोषही त्यांचाच ठरणार होता.

या घटनेवरची गाजलेली कादंबरी म्हणजे ई. एल. डॉक्टरो यांची 'द बुक ऑफ डॅनियल' (१९७१). १९८३ साली सिडनी ल्युमेट यांनी तिच्यावर चित्रपटही काढला. कादंबरीत रोझेनबर्गचे आयझॅकसन झाले आहेत आणि दोन भावांच्या जागी भाऊ-बहीण, डॅनियल आणि सुझन, आले आहेत. डॅनियल कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून प्रबंध लिहितो आहे. याच विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकले. प्रबंधाऐवजी त्याच्या हातून आईबापांची कहाणीच उतरत जाते. कादंबरी समर्थ आहे, यात शंका नाही. निवेदन 'मी' वरून 'तो' वर उड्या मारते, मध्येच इतिहासाची टिपणे येतात, शिक्षांच्या पद्धतींची माहिती येते. खुर्चीवरच्या मृत्यूचे वर्णन डॅनियल स्वतः करतो, आणि ते वाचकाला सोडवत नाही.

तरीही माझा या कादंबरीवर आक्षेप आहे आणि तो तिने केलेल्या बदलांवर आहे. प्रत्यक्षात साक्ष दिली सख्ख्या भावाने. कादंबरीत साक्ष देतो तो एक दंतवैद्य, कुटुंबाचा मित्र. हा बदल किरकोळ नाही. डेव्हिड ग्रीनग्लास लॉस अलामोसला यंत्रकामगार होता आणि माहिती त्याने स्वतः पुरवली होती. त्याने बहिणीविरुद्ध साक्ष दिली आणि त्याची बायको रूथ हिच्यावर खटलाच भरला गेला नाही. एथेलने हेरगिरीच्या टिपणांचे टंकलेखन केले, ही साक्ष एथेलला खुर्चीकडे नेणारी ठरली. ती साक्ष खोटी होती, हे ग्रीनग्लासने २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकासाठी पत्रकार सॅम रॉबर्ट्स यांच्याजवळ कबूल केले. बायकोला वाचवण्यासाठी बहीण दिली, एवढाच हा हिशेब होता. शासनसंस्था एखाद्या गरीब घरात शिरते तेव्हा ती असे सौदे घडवून आणते. जवळच्या रक्तालाच साक्षीला उभे करते. डॉक्टरोंनी हे काढून टाकले आणि कहाणी सुसह्य केली. भावाने बहीण विकली हे सांगायला कादंबरीकार कचरला असावा, असे मला वाटते.

दुसरा बदल त्याहून महत्त्वाचा. कादंबरीत मुलांना दत्तक घेणारा गृहस्थ कायद्याचा अध्यापक आहे, सज्जन, उदारमतवादी, थोडा फिकट. प्रत्यक्षातला एबेल मिरोपोल कोण होता? ब्रॉन्क्समधल्या एका शाळेतला शिक्षक. झाडाला टांगलेल्या काळ्या माणसांच्या प्रेतांचे छायाचित्र पाहून अस्वस्थ झालेला. त्या अस्वस्थतेतून त्याने लिहिलेली कविता १९३७ साली न्यूयॉर्कच्या शिक्षकांच्या नियतकालिकात छापून आली, आणि १९३९ साली बिली हॉलिडेने तिचे गाणे सर्वत्र पोचवले. 'स्ट्रेंज फ्रूट' ते हेच. हे गाणे त्याने 'लुईस ॲलन' या नावाने लिहिले. जन्मतःच मृत झालेल्या त्याच्या दोन मुलांची ती नावे. मुलांची आणि मिरोपोल दांपत्याची गाठ पडली १९५३ च्या नाताळात, डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्या घरी. अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाविषयी ज्यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिले आणि ज्यांचे उत्तर आले, तेच हे डुबॉइस. ज्यांची मुले गेली त्यांनी, ज्यांचे आईबाप गेले त्यांना, काळ्या विचारवंताच्या घरी जवळ केले. हे सारे डॉक्टरोंनी गाळले. त्यामुळे कादंबरीतली दत्तक मुले एका सुखवस्तू पोकळीत वाढतात, आणि त्यांच्या वाट्याला फक्त वेड आणि सूड येतो. सुझन आत्महत्येचा प्रयत्न करते आणि पुढे मरते. डॅनियल बायकोशी क्रूरपणे वागतो. यातना भोगलेल्या मुलाचे पुढे एवढेच होऊ शकते, असे प्रस्थापित साहित्याला वाटत असते. व्रण दाखवला की त्याचे काम संपते. चळवळीने वाढवलेले मूल त्याच्या कल्पनेत बसत नाही.

यात एक विलक्षण योगायोग आहे. कादंबरीतल्या सुझनला आईबापांच्या नावे एक निधी उभारायचा असतो, आणि तो तिच्या हातून होत नाही. प्रत्यक्षात धाकट्या रॉबर्टने १९९० साली 'रोझेनबर्ग फंड फॉर चिल्ड्रेन' काढला. ज्या कार्यकर्त्यांना त्यांच्या चळवळीमुळे त्रास दिला गेला, त्यांच्या मुलांना हा निधी मदत करतो. यालाच रॉबर्ट विधायक सूड म्हणतो.

आता भावांच्या स्वतःच्या लेखनाकडे वळतो. मिरोपोल या नावाखाली ही मुले वीस-एक वर्षे झाकली गेली. कोणाची मुले आहेत हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक नव्हते. येथे आपल्या वाचकाला बाबुराव बागुलांच्या १९६३ च्या संग्रहाचे नाव आठवेल, 'जेव्हा मी जात चोरली होती'. भावांनीही नाव चोरले होते म्हणा. फरक एवढाच की, त्यांची चोरी पचली. कातडी गोरी होती आणि नव्या आडनावावर कोणी अधिक चौकशी करीत नव्हते. लटकवलेल्या काळ्या माणसांच्या मुलांना असे दुसरे नाव मिळण्याची सोय नव्हती. टस्कीगी संस्थेच्या नोंदीप्रमाणे १८८२ ते १९६८ या काळात ३४४६ काळ्या माणसांना जमावाने मारले. त्यांच्या मुलांची नोंद कोणी ठेवली? त्यांच्यासाठी कोर्ट भरले नाही, राष्ट्राध्यक्षांकडे दयेचे अर्ज गेले नाहीत, मृत्युकोठडीतून पत्रे आली नाहीत. रोझेनबर्गच्या मुलांचे दुःख याने लहान होत नाही. पण दुःखाची कागदपत्रे असणे हीसुद्धा एक मिळकत आहे, आणि ती सर्वांकडे नसते.

१९७३ साली या खटल्यावर एका नामांकित वकिलाचे पुस्तक आले आणि भावांनी लपणे सोडले. १९७५ साली 'वुई आर युवर सन्स' प्रसिद्ध झाले. आईबापांची तुरुंगातली पत्रे आणि मुलांच्या आठवणी असे त्याचे स्वरूप आहे. पुस्तक वाचताना माझ्या मनात दोन भावना एकाच वेळी उभ्या राहिल्या. मायकेलच्या आठवणी अस्सल आहेत. आई-बापांना कशाने मारतात हे तुरुंगभेटीत विचारणारा मुलगा कोणत्याही वाङ्मयीन हिकमतीने घडवता येणार नाही. परंतु साऱ्या पुस्तकावर एक दडपण आहे. आईबाप संपूर्ण निर्दोष होते, हे प्रत्येक पानाला सिद्ध करायचे आहे. मरणाच्या दिवशी लिहिलेल्या पत्रात आईने, आम्ही निर्दोष होतो हे विसरू नका, असेच मुलांना सांगितले होते. ते शब्द मुलांच्या पाठीवर ओझ्यासारखे बसले. मुलगा साक्षीदार झाला, वकील झाला. त्याला नुसता मुलगा होता येईना.

या ओझ्यानेच त्यांनी सरकारी कागद बाहेर काढायला लावले, हेही खरे. माहितीच्या कायद्याखाली त्यांनी खटला भरला आणि एफबीआयचे गठ्ठे उघडले. त्यांत एक कागद असा आहे की, तो वाचल्यावर काही काळ पुढे वाचवत नाही. ज्यूलियस शेवटच्या क्षणी बोलायला तयार झालाच तर त्याला विचारायचे प्रश्न तुरुंगात तयार ठेवले होते. त्यांतला एक प्रश्न : तुझ्या कामाची तुझ्या बायकोला कल्पना होती का? बायकोला मारायला नेले आहे, आणि तिला काही माहीत होते की नाही हे अजून विचारायचे आहे!

मग १९९५ साली व्हेनोनाचे संदेश, म्हणजे सोव्हिएत गुप्तसंदेशांची उकल, अमेरिकन सरकारने प्रसिद्ध केली. ज्यूलियसला त्यांत सांकेतिक नाव होते. रूथ ग्रीनग्लासला होते. एथेलला नव्हते. २००८ साली सहआरोपी मॉर्टन सोबेल यांनी वयाच्या ९१ व्या वर्षी कबूल केले की आपण आणि ज्यूलियसने रशियाला माहिती पुरवली. मुलांनी काय करावे? जुन्या श्रद्धेला चिकटून बसणे सोपे होते. दोघांनीही जाहीरपणे मान्य केले की, वडील हेरगिरीत होते. रॉबर्टने तर २००३ सालच्या 'ॲन एक्झिक्यूशन इन द फॅमिली' मध्येच या शक्यतेला तोंड दिले होते. हे पुस्तक मला पहिल्यापेक्षा मोठे वाटते ते याच कारणाने. बाप निर्दोष नसेल, तरी त्याला मारणे न्याय नव्हता. अणुबाँबचे रहस्य त्याने दिले हे खोटेच होते. आणि तो काहीही असो, त्याच्या मुलाला शाळेतून काढायचा अधिकार कोणालाही नव्हता. या तीन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत, हे रॉबर्टला उमगले. भाषा साधी आहे, काही ठिकाणी भाषणासारखी पसरट आहे. पण ओझे उतरवलेल्या माणसाचा आवाज तिच्यात ऐकू येतो.

हा मुद्दा आपल्या साहित्याशी थेट भिडतो. १८७१ साली इंग्रजांनी येथे गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अमेरिकन घटनेने जे नाकारले तेच या कायद्याने लिहून ठेवले : रक्तच गुन्हेगार. मूल जन्मले की हजेरीच्या वहीकडे चालू लागले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या, तेव्हा सिंग सिंगच्या कोठडीत रोझेनबर्ग आपल्या मुलांना पत्रे लिहीत होते. त्यानंतर पस्तीस वर्षांनी लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' आले. गायकवाडांनी घरातल्या माणसांच्या चोऱ्या लपवल्या नाहीत. भूक, चोरी आणि पोलिसांचा मार एकाच श्वासात सांगितला. आपली माणसे निष्पाप होती, आता तरी आम्हाला माणूस म्हणा, अशी विनवणी त्यात नाही. पांढरपेशा समीक्षा आमच्या आत्मकथनांकडून मात्र नेमकी हीच विनवणी मागते. आमचा बाप दारू प्यायला, त्याने आईला मारले, हे आले की तिला वाटते, बघा, हे स्वतःच सांगताहेत. आणि आमच्यातलेही काही जण म्हणतात, असे लिहू नका, समाजाची बदनामी होते. दोन्ही बाजूंनी एकच अट घातली जाते : आधी पूर्वजांचे चारित्र्य सिद्ध करा, मग तुमच्या माणुसकीचे बघू. कार्यकर्त्याच्या घरी पोलीस येऊन गेल्यावर त्याच्या मुलीला वर्गात हीच अट घातली जाते. बाप सुटला तरच ती निर्धास्त. रॉबर्टचे पुस्तक मला आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती द्यावेसे वाटते ते या अटीसाठी. त्याने ती धुडकावली आहे.

तरीही एका ठिकाणी हे भाऊ मागे वळतात, आणि त्यांना दोष द्यायला माझे मन धजत नाही. ते ठिकाण म्हणजे आई. एथेल रडली नाही, गयावया केली नाही, म्हणून ती राक्षसीण ठरली. मरणाच्या तीन दिवस आधी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर आपल्या मुलाला पत्रात लिहीत होते की, या जोडीत कणखर आणि हट्टी आहे ती बाई, पुरुष दुबळा आहे. एक बाप आपल्या मुलाला सांगत होता की, दुसऱ्या दोन मुलांची आई का मरणार! बाईने मोडून पडायला हवे होते. ती मोडली नाही, हाच पुरावा. तिला आधी पकडले तेही नवऱ्यावर दाब आणण्यासाठी, हे एफबीआयच्याच कागदांतून दिसते. बापाच्या बाबतीत निर्दोषत्वाचा हट्ट सोडलेले भाऊ आईच्या बाबतीत तो सोडत नाहीत. आधीच्या तत्त्वाशी हे विसंगत आहे काय? क्षणभर मला तसे वाटले. परंतु येथे मागणी दयेची नाही. सरकारने खोटे बोलून एक बाई मारली, ते सरकारने लिहून द्यावे, एवढीच ती आहे. पूर्वजाचे चारित्र्य सिद्ध करणे वेगळे आणि मारणाऱ्याकडून हिशेब मागणे वेगळे.

१४ जून १९५३ रोजी दहा वर्षांच्या मायकेलने व्हाइट हाउसच्या फाटकावरील पहारेकऱ्याच्या हाती आईबापांच्या जीवदानाचे पत्र दिले होते. धाकटा सोबत होता. १ डिसेंबर २०१६ रोजी त्याच फाटकाशी हे भाऊ पुन्हा गेले, एक ७३ वर्षांचा, दुसरा ६९ वर्षांचा. या खेपेला मागणी आईच्या निर्दोषत्वाच्या घोषणेची होती. ओबामा जानेवारी २०१७ मध्ये पायउतार झाले, घोषणा झाली नाही. २०२४ साली आणखी एक गुप्त टिपण खुले झाले. व्हेनोनाची उकल करणारे मेरेडिथ गार्डनर यांनी त्यात लिहून ठेवले होते की, एथेलला नवऱ्याच्या कामाची कल्पना होती, परंतु प्रकृतीच्या कारणाने तिने स्वतः ते काम केले नाही. टिपणाची तारीख २२ ऑगस्ट १९५०, म्हणजे अटकेनंतर अकराव्या दिवसाची. खटला सुरू व्हायला तेव्हा सहा महिन्यांहून अधिक अवकाश होता, आणि मायकेल सात वर्षांचा होता. टिपण त्याच्या हाती पडले तेव्हा तो एक्याऐंशी वर्षांचा झाला होता.